काकूंच्या हाती लागू नये म्हणून

अलिबागेत 'माझं माशांचं दुकान आहे' असं सांगितलं, की समोरचा माणूस आधी विचारतो, "आज काय आलंय?" मी गप्पी, गोल्डफिश, एंजल अशी नावं घ्यायला लागले की त्याचा चेहरा उतरतो. बाजारातल्या माझ्या दुकानात लोक पिशवी घेऊन यायचे आणि काचेच्या टाक्या बघून परत जायचे. एका म्हातारीने तर सगळ्या टाक्या निरखून, हे मोठे कधी होतील, अशी चौकशी केली होती. माझ्या सासूबाईंना हा धंदा शेवटपर्यंत पटला नाही. खायचे नसतील तर त्यांचं पाणी कशाला बदलायचं, असा त्यांचा सवाल होता. बादल्या उचलून पाठ धरली की तो मलाही रास्त वाटायचा.

दुकान हा कामाचा अर्धा भाग. उरलेला अर्धा स्कूटरवर. अलिबागपासून मुरुडपर्यंत बंगल्यांत, लॉजांत, दवाखान्यांच्या बाकड्यांसमोर ठेवलेल्या टाक्यांची देखभाल मी करायचे. बाहेरच्यांना वाटतं, माशांना खायला घालणं म्हणजे हे काम. मासा एक वेळ उपाशी राहिला तरी चालतं. पाणी बिघडलं तर चालत नाही. आमचा सगळा धंदा पाण्याचा, आणि पाणी आलं की मागून औषधं येतात.

माशांना बुरशी धरते, अंगावर पांढरे ठिपके उठतात, कल्ल्यांमध्ये किडे होतात. त्यावर निळं औषध असतं, फॉर्मॅलिन असतं, विहिरीत टाकतात ते लाल पोटॅशियम असतं, बागायतदार सुपारीवर फवारतात तो मोरचूद असतो. आपल्या विहिरींच्या पाण्याने काचेवर पांढरा थर चढतो, तो काढायला अ‍ॅसिड. जाळ्या आणि नळ्या निर्जंतुक करायला ब्लीचिंगचं पाणी. यातली प्रत्येक गोष्ट थेंबभर असेल तर औषध आणि बाटलीभर असेल तर विष. दिवाणखान्यात टाकी कुठे ठेवायची यावर घरात आठवडाभर चर्चा होते. ही औषधं कुठे ठेवायची यावर कोणी एक वाक्यही बोलत नाही. ती आपोआप साखरेच्या डब्याशेजारी जाऊन बसतात.

मुरुडला लॉज चालवणारे लतीफभाई माझे जुने गिऱ्हाईक. त्यांनी निळं औषध मोरीतल्या फळीवर, साबणाच्या बाजूला ठेवलं. त्यांच्या अम्मींनी ते नीळ समजून पांढऱ्या कपड्यांच्या बादलीत ओतलं. लतीफभाई त्या शुक्रवारी नमाजला आकाशी कुर्ता घालून गेले. लॉजच्या सगळ्या चादरीही आकाशी झाल्या. मी क्षमा मागायला गेले तर म्हणाले, "मॅडम, रंग पक्का आहे. तुम्ही मासे सोडा, हाच धंदा करा." पुढे बराच काळ त्या लॉजमधले पर्यटक त्या चादरींवर झोपले आणि समुद्राला साजेसा रंग मुद्दाम निवडलाय म्हणून कौतुक करून गेले.

नागावच्या एका बंगल्यात मालकांनी फॉर्मॅलिन पाण्याच्या बाटलीत भरून फ्रिजमध्ये ठेवलं होतं. औषध आहे तर थंड जागी ठेवावं, एवढाच त्यांचा विचार. दिसायला ते पाण्यासारखंच. पण फॉर्मॅलिन फार गार झालं की फाटतं, तळाला पांढरा साका बसतो. पाहुण्याने बाटली हातात घेतली आणि पाणी नासलंय म्हणून परत ठेवून दिली. तो पाहुणा जरा चिकित्सक स्वभावाचा होता, म्हणून वाचला. कोकणात पाहुण्याच्या चिकित्सेचा एवढा फायदा झालेलं मी दुसरं उदाहरण पाहिलेलं नाही.

पण मला सांगायचं आहे ते भोईरकाकांबद्दल.

हरिश्चंद्र भोईर हे आगरदांडा-दिघीच्या लाँचीवर इंजिन सांभाळायचे. निवृत्त झाल्यावर मुरुडला घरामागच्या पडवीत त्यांनी एंजल माशांची पैदास सुरू केली. एंजल हा मासा मोठा नाजूक. अंडी पानाला चिकटवतो आणि मनात आलं तर स्वतःच खाऊन टाकतो. काका ती अंडी अलगद वेगळी काढायचे, पाण्यात निळ्या औषधाचे थेंब सोडायचे आणि पिल्लं पोहायला लागेपर्यंत टाकीसमोर स्टूल टाकून बसायचे. त्यांची पिल्लं माझ्या दुकानात आली की टिकायची. इतर ठिकाणचा माल आल्यावर मी देवाचं नाव घ्यायचे, काकांच्या मालाला तशी गरज पडली नाही.

घरात काका आणि यशोदाकाकू दोघंच. मुलगी मंगल लग्न होऊन पनवेलला. काकू बोलायला कमी, पण मी गेले की सोलकढीचा पेला पुढे करायच्या आणि तो संपेपर्यंत जाऊ द्यायच्या नाहीत.

पडवीच्या फळीवर काकांनी लोणच्याच्या एकसारख्या बरण्या मांडलेल्या होत्या. काहींत नटबोल्ट, काहींत वायसर, काहींत औषधं. एकाही बरणीवर चिठ्ठी नव्हती. फळीखालचे खिळे गंजून गेले होते. काका त्याला खारा वारा म्हणायचे. खरं तर ती अ‍ॅसिडची वाफ होती. बरणीचं झाकण कितीही घट्ट लावा, ती बाहेर येते आणि आधी लोखंड खाते. मी त्यांना सांगितलं की औषध कंपनीच्या बाटलीतच राहू द्या, वर नाव राहू द्या, आणि अ‍ॅसिड नि ब्लीचिंग एका फळीवर नको. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "चिठ्ठी विसरनाऱ्याला लागते, बाय." मग डोळे मिटून, हाताने चाचपून त्यांनी एकेक बरणीत काय आहे ते सांगितलं. सगळं बरोबर होतं. मी पिल्लं घेऊन अलिबागला परत आले.

पुढे काही वर्षांनी, एका पावसाळ्यानंतर, काकांकडची पिल्लं मरायला लागली. आधी थोडी, मग टाकीच्या टाकी. काका म्हणाले, पाणी बिघडलंय. मी पाणी तपासलं. पाणी ठीक होतं, पण गरजेपेक्षा फार निळं होतं. त्यांनी सकाळी औषध घातलं होतं, दुपारी पुन्हा घातलं होतं, आणि माझ्यादेखत ते तिसऱ्यांदा बरणीकडे वळले. काकूंनी मधेच त्यांना हाक मारून काहीतरी काम सांगितलं. ते गेल्यावर काकूंनी बरणी उचलून तांदळाच्या डब्यामागे लपवली. माझ्याकडे पाहिलं नाही.

मी विचारलं, किती दिवस चाललंय. काकू म्हणाल्या, कसलं काय, वयच झालंय. त्यांना बोलायचं नव्हतं. तांदळाच्या डब्यामागे औषध ठेवू नका, एवढं मी सांगितलं आणि ती बरणी त्यांच्या संमतीने घेऊन आले. बाकीच्या फळीवरच राहिल्या. काकांच्या घरातून काकांच्या वस्तू मी कोणत्या अधिकाराने उचलणार होते?

त्यानंतर एका दुपारी लतीफभाईंकडचं काम आटोपून मी काकांकडे गेले. गेटापाशीच घशात काहीतरी रुतल्यासारखं झालं. वास पोहण्याच्या तलावासारखा होता, पण कितीतरी तिखट. अंगणात शेवग्याखाली काका उभे होते, खोकत होते. मी विचारलं, काकू कुठे. त्यांनी घराकडे बोट केलं.

काय झालं होतं ते नंतर कळलं. काकांनी एक जुनी टाकी न्हाणीत नेऊन काचेवर अ‍ॅसिड ओतलं. तेवढ्यात ब्रश आणायला म्हणून बाहेर आले, परत गेले, आणि अ‍ॅसिड ओतलंय हे विसरून त्यावर ब्लीचिंगचं पाणी ओतलं. या दोन गोष्टी एकत्र आल्या की क्लोरिनचा वायू निघतो. हवेपेक्षा जड असतो, जमिनीलगत साचतो. काकांना छातीत आवळल्यासारखं झालं, ते बाहेर अंगणात आले. काकूंना वास आला. काका कुठे दिसेनात. ते आत पडले असतील असं समजून काकू न्हाणीत शिरल्या आणि त्यांना शोधत राहिल्या.

मी मागच्या दाराने धावले तेव्हा काकू भिंतीला धरत बाहेर येत होत्या. डोळ्यांतून धारा, तोंडातून शब्द नाही. मी त्यांना ओढत वाऱ्याच्या बाजूला, उंचवट्यावर नेलं. त्या खाली बसू पाहत होत्या, मी बसू दिलं नाही. शेजारचे लोक मदतीला आत जायला निघाले, त्यांना मी अडवलं. न्हाणीत कोणी जायचं नाही, पाणीसुद्धा ओतायचं नाही, बाहेरून दारं-खिडक्या उघडायच्या आणि लांब उभं राहायचं. माझा आवाज एवढा मोठा आहे हे मला तोवर माहीत नव्हतं. शेजाऱ्याच्या रिक्षातून दोघांना दवाखान्यात नेलं.

काकांचं थोडक्यात निभावलं. काकूंना ऑक्सिजन लावला, वाफ दिली. डॉक्टरांनी विचारलं काय मिसळलं होतं, ते मी सांगितलं. काका खाटेशेजारी उभे होते. त्यांचा चेहरा रागाने लाल झाला होता. कोणावर रागवावं हे कळत नसलेल्या माणसाचा राग होता तो.

"कोनी केला ह्यो उद्योग?" त्यांनी विचारलं. "अ‍ॅसिडवर ब्लीचिंग? इंजिनात असं कोनी केलं असतं तर मी त्याला पान्यात टाकला असता."

त्यांना खरंच आठवत नव्हतं. मी तोंड उघडणार तेवढ्यात काकूंनी मास्क बाजूला केला.

"मी केला," त्या म्हणाल्या. "माझ्याच हातून झालं."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी काकूंकडे पाहिलं. डॉक्टरांना वायूचं नाव हवं होतं, ते मिळालं होतं. माणसाचं नाव त्यांनी विचारलं नाही.

काका चहा आणायला बाहेर गेल्यावर मी काकूंना म्हटलं, हे का ओढवून घेतलंत. त्यांना बोलायला त्रास होत होता. थांबत थांबत म्हणाल्या, "लाँचीवर असताना ह्यांच्या हातून एक मानूस कदी पान्यात पडला न्हाय. बायकोला आपन गॅस दिला, हे ह्यांना समजलं तर हे जेवतील का? रोज समजंल, रोज विसरतील, आनि रोज नव्याने समजंल." मग त्यांनी मास्क परत लावला. त्या विषयावर काकू माझ्याशी एवढंच बोलल्या.

काकू घरी आल्यावर मी मुरुडला गेले. आता फळीवरच्या बरण्या कशा काढून घ्यायच्या याची वाक्यं वाटेत जुळवत होते. रेवदंड्याच्या पुलावर एक चांगलं वाक्य सुचलं होतं, ते काशीदपर्यंत विसरले. पण त्याची गरज पडली नाही. काका अंगणात करवत घेऊन बसले होते. समोर लाँचीच्या जुन्या सागवानी फळ्या.

"पेटी करतोय," ते म्हणाले. "हिच्या हाती काय लागता कामा नये. हिला आताशा आठवत न्हाय काय."

काकू दारात तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

ती पेटी मी आयुष्यात पाहिलेली औषधांची सगळ्यात चांगली पेटी. मी सांगत गेले आणि काका करत गेले. तळाला प्लॅस्टिकचा ट्रे, म्हणजे बाटली गळली तर बाहेर यायला नको. मधे उभी फळी, एका बाजूला लाल पोटॅशियम, दुसऱ्या बाजूला फॉर्मॅलिन, कारण दोघं भेटले की तापतात. बाजूंना वारा खेळायला भोकं. पेटी स्वयंपाकघरापासून लांब, सावलीत, कोरड्या जागी, आणि डोक्याच्या वर नाही, म्हणजे उतरवताना अंगावर काही सांडणार नाही. अ‍ॅसिड आणि ब्लीचिंग या घरात यापुढे येणारच नाही, काच लिंबूफुलाच्या पाण्याने पुसायची, हेही त्यांनी मान्य केलं. काकूंच्या भल्यासाठी त्यांना कुठलीही अट चालत होती.

जुन्या बरण्यांचं काय करायचं हा प्रश्न होता. असल्या गोष्टी मोरीत, विहिरीत किंवा खाडीत ओतायच्या नसतात. मोरचूद खाडीत गेला तर आधी कोलंबी मरते, आणि त्यानंतर काय काय मरतं ते बघायला आपण जात नाही. मी त्या बरण्या घट्ट बंद करून, वेगवेगळ्या बादल्यांत उभ्या करून अलिबागला नेल्या आणि कॉलेजच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या ओळखीच्या बाईंच्या हवाली केल्या. त्या बदल्यात काकांना छोट्या, कंपनीच्या, नाव छापलेल्या बाटल्या दिल्या. काकांना छापलेली नावं पुरेशी वाटेनात. होडीवर नाव रंगवतात त्या तेलरंगाने त्यांनी प्रत्येक बाटलीला बांधलेल्या पट्टीवर स्वतःच्या अक्षरात लिहिलं, 'यशोदे, हात लावू नको.'

कुलूप लावून झाल्यावर काकांनी चावी सदऱ्याच्या खिशात टाकली. इथे सगळं मुसळ केरात जाणार होतं. मी थोडा विचार करून म्हटलं, "काका, काकू कपडे धुताना खिसे तपासतात ना?"

काकांनी हात खिशाकडे नेला.

"खरं हाय," ते हळूच म्हणाले. "चाचपते ती." आणि चावी काढून माझ्या हातात दिली. "तू ठेव. हिने मागितली तरी देऊ नको."

मी दिली नाही. काकूंनीही मागितली नाही. औषधाची वेळ आली की काका फोन करायचे, मी जायचे, पेटी उघडून मोजून थेंब टाकायचे आणि बंद करून परत यायचे. चार थेंबांसाठी अलिबाग-मुरुड हेलपाटा. पेट्रोलकडे बघितलं तर हा धंदा बुडीत होता. पण पिल्लं मरायची थांबली.

मंगल पनवेलहून आली तेव्हा तिला वडिलांनी सगळं सांगितलं होतं. ती आईवर चिडली होती. परत जाताना मुरुडच्या एसटी स्टँडवर मला भेटली आणि म्हणाली, आईला आता एकटं सोडणं बरोबर नाही, काहीही करते. मी काकूंना काही वचन दिलेलं नव्हतं, आणि काकांना डॉक्टरला दाखवायची गरज होती. मी मंगलला घडलं ते जसंच्या तसं सांगितलं. तिची गाडी लागली होती. ती चढली नाही.

"सकाळपासून मी आईला बोलत होते," ती म्हणाली. "ती फक्त हो हो म्हणत होती."

ती पुन्हा घरी गेली आणि काही दिवसांनी वडिलांना अलिबागला मोठ्या डॉक्टरांकडे घेऊन आली. आजाराला नाव मिळालं, गोळ्या मिळाल्या. काकांना त्या गोळ्या पेटीत ठेवायच्या होत्या, काकूंच्या हाती लागू नयेत म्हणून. माणसांची औषधं आणि माशांची औषधं एका पेटीत ठेवू नयेत, हे मला त्यांना बऱ्याच वेळा समजवावं लागलं. घरी जाऊन मंगल आईला काय बोलली ते मला माहीत नाही. पण वडिलांसमोर तीही 'आई, विसरू नको हं' असं म्हणायला लागली.

काकूंना हे सोपं गेलं असं मला वाटत नाही. काकांनी वाडीत सगळ्यांना सांगितलं होतं. बंदरावर मासळी घ्यायला गेल्या की बायका विचारायच्या, आता बरं वाटतं का, सगळं आठवतं का. एकदा एका बाईने त्यांना हिशोबाचे सुटे पैसे दोनदा मोजून हातात दिले. काकूंनी आभार मानले आणि घरी आल्या. त्या दिवशी सोलकढीत मीठ नव्हतं. मी बोलले नाही, कारण काका आधीच म्हणाले, "बघ, मीठ विसरली."

दुकान आता भाचीकडे दिलंय. गुडघे बादल्यांना नाही म्हणतात. काकांच्या पडवीतल्या टाक्या एकेक करून कमी झाल्या. आता एकच उरली आहे आणि तिच्यात गप्पी आहेत. गप्पींना माणसाची फारशी गरज लागत नाही. पेटीतल्या बाटल्या मी कधीच काढून नेल्या. आत फक्त ट्रे आहे. कुलूप तसंच आहे, कारण ते काढलं तर काका अस्वस्थ होतात. रोज सकाळी जाऊन ओढून बघतात.

मध्यंतरी सहज म्हणून मी एसटीने मुरुडला गेले. काका पडवीत पेटीशेजारी खुर्चीवर बसले होते. मला ओळखलं नाही. कोणाकडे आलात, असं अदबीने विचारलं. मी म्हटलं, काकूंना भेटायला. मी पेटीवर पिशवी ठेवायला गेले तसा त्यांनी माझा हात धरला.

"तिथं न्हाय," ते म्हणाले. "आत विषारी औषधं हायत. आमच्या घरात एक मानूस विसरभोळा हाय, म्हनून कुलपात ठेवलीत."

मी पिशवी खाली ठेवली. आतून कपांचा आवाज आला. काकांनी दाराकडे पाहिलं आणि खुर्ची माझ्याजवळ सरकवून आवाज खाली केला.

"तिच्यासमोर काय बोलू नका हां. तिला लाज वाटते."

मी बरं म्हटलं. काकू चहा घेऊन आल्या. तो पिऊन होईपर्यंत आम्ही दोघांनीही पेटीकडे पाहिलं नाही.